म्हसोबाजवळ बास

नोव्हाय, ४ मे

प्रताप,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहून खोडलंय ते तुला दिसत असेलच. आपण एकमेकांना नमस्कार कधी केला होता? सदतीस वर्षांपूर्वी डिट्रॉइटच्या प्लँटच्या कॅन्टीनमध्ये पहिल्यांदा भेटलो तेव्हा तू माझ्या डब्याकडे बघून थेट विचारलं होतंस, "पुण्याचा का बे?" मी "हो" म्हणालो आणि तू माझ्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी खायला लागलास. तेव्हा नमस्कार राहू दे.

तू फोन उचलत नाहीस. मी दोन वर्षांत चौदा वेळा केला. दर वेळी मशीनवर सत्यजितचा इंग्रजी निरोप ऐकू येतो आणि मी काही न बोलता ठेवून देतो. म्हणून पत्र. सत्यजितला मराठी वाचता येत नाही हेही एक बरंच आहे. बापाची पत्रं पोरांनी वाचू नयेत.

कामाचं बोलतो. आपली होडी अजून माझ्या गराजमध्ये आहे. पुढचा पोचा ठोकून घेतला. अ‍ॅल्युमिनियम असल्याने निघाला, पण हात फिरवला की कळतं. मोटर सुरू होते. रजिस्ट्रेशन संपलंय आणि होडी दोघांच्या नावावर आहे, तेव्हा प्रतापची सही लागेल, असं मी उल्काला सांगितलं. सही लागत नाही. तिला ते माहीत आहे. तिने फक्त पोस्टाची तिकिटं कुठल्या ड्रॉवरमध्ये आहेत ते सांगितलं.

दोन उन्हाळे मी तळ्यावर गेलो नाही. या जूनमध्ये जावं म्हणतो. तू तिकडे टेक्सासात, शुगर लँडमध्ये सत्यजितकडे कसा आहेस? आत्ताच तिकडे शंभर डिग्री होत असेल. सत्यजित, सूनबाई चारुता, छोटी आरोही ठीक ना? खांदा दुखतो का अजून?

होडीचं काय करायचं ते कळव.

मनोहर

•

हेरॉन लेक, १४ जून

प्रताप,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी तळ्यावर आलोय.

तीच केबिन, तोच पडवीचा करकरणारा झोपाळा. उल्का त्यावर बसून पुस्तक वाचते आणि दर तासाला विचारते, "आज किती जणांना दुखवून आलास?" सत्तरी ओलांडली तरी तिचा हा एकच विनोद. खरं सांगायचं तर तिचं चूक नाही. जन्मात मासा तोंडात न घातलेला माणूस पहाटे उठून मासे धरतो आणि त्यांच्या तोंडातून गळ काढून परत सोडतो, हे कुणाला समजावून सांगणार? तू मला 'शाकाहारी कोळी' म्हणायचास. तू निदान खायचास. पाइक बघून म्हणायचास, "ही आपल्या मरळीची अमेरिकेतली चुलतबहीण." आणि तिचे ते वाय आकाराचे काटे रेखावहिनी ज्या सफाईने काढायच्या, तसे काढणारं माणूस या तळ्यावर मी दुसरं पाहिलं नाही. तांदळाच्या पिठात घोळवून तळलेल्या तुकड्यांचा वास केबिनभर असायचा आणि मी कोपऱ्यात दहीभात खात बसायचो. त्या गेल्याला सहा वर्षं झाली, पण केबिनच्या शेगडीजवळ गेलो की तो वास येतो. उल्कालाही येतो म्हणते.

पहाटे साडेपाचला निघालो. धुकं होतं. आधी माहेराला गेलो. (रेखावहिनींनीच ठेवलं ना ते नाव? कमळाच्या पानांची ती आतली खाडी, बास मासा कितीही दूर गेला तरी तिथेच परत येतो म्हणून.) पानांच्या कडेला रबरी बेडूक टाकला, तू शिकवलास तसा: टाक, थांब, पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत हात हलवू नकोस, मग एकदाच थरथरव. तिसऱ्या खेपेला पान फुटल्यासारखा आवाज झाला. सतरा इंचांचा बास. त्याने दोनदा उडी मारली. सोडला.

ऊन चढल्यावर पायरीवर गेलो, जिथे तळ एकदम खाली उतरतो आणि पाणवनस्पतींची भिंत संपते. उन्हाळ्यात पाइक त्या थंड पाण्याला धरून असतात हे तूच मला नकाशावर बोट ठेवून दाखवलं होतंस. गळाला लाल-पांढरा पत्र्याचा चमचा लावला. (नवीन लोक त्याला स्पून म्हणतात. तू एकदा ऑफिसच्या पोटलक जेवणात सगळ्यांसमोर म्हणाला होतास, "मन्या नेहमी चमचे घेऊन फिरतो," आणि माझा बॉस शेजारीच उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं म्हणून माझी नोकरी वाचली.) पुढे लोखंडी तार लावली, नाहीतर पाइकचे दात दोरी कापतात. चौथ्या फेकीला लागली. प्रताप, काय वजन होतं! तेहतीस इंच तरी होती. होडीखालून दोनदा गेली. होडीजवळ आणली, तिचा तो बदकासारखा जबडा दिसला, पिवळे ठिपके दिसले, आणि तेव्हा लक्षात आलं की जाळी धरायला कुणी नाही. एका हाताने रॉड आणि एका हाताने जाळी हे मला जमत नाही. तिने मान झटकली आणि गेली.

एरवी तू शिव्या घातल्या असत्यास. "काय करून राहिला बे, झोपला का?" शिव्यांशिवाय मासा जाणं फार वाईट वाटतं.

म्हसोबाकडे गेलो नाही. लांबून वळसा घातला. पाणी यंदा बरं आहे, खडक दोन फूट खाली असेल. यंदाचा नारळही सोडला नाही. नोव्हायच्या दुकानातून आणला होता, तो उल्काने चटणीला वापरला.

मनोहर

•

नोव्हाय, २९ जून

प्रताप,

आज नुसतं जुनं लिहितो. चालेल ना?

आपलं पहिलं वर्ष आठवतंय? एकोणनव्वद. होडी तेव्हा भाड्याची होती. मी त्याआधी पाण्यात फक्त लकडी पुलावरून बघितलं होतं. तू नवेगावच्या तलावाकाठी वाढलेला, मास्तरांचा मुलगा असून शाळेपेक्षा ढिवर कोळ्यांच्या डोंग्यात जास्त बसलेला. मला म्हणालास, "फक्त बस. पाणी बाकीचं शिकवते."

सकाळी सातला तू थर्मास काढलास आणि माझ्या कपात चहा ओतायला लागलास. कप भरत आला तसा मी म्हणालो, "बास, बास." आपल्या घरी कुणी वाढायला आलं की म्हणतो तसं. तू थर्मास टाकलास, रॉड उचललीस आणि मागे वळून ओरडलास, "कुठे? कोणत्या बाजूला?" सगळा उकळता चहा माझ्या मांडीवर. मी ओरडतोय आणि तू पाण्यात मासा शोधतोयस. मग तुझ्या लक्षात आलं. तू असा हसलास की होडी हलायला लागली. माझ्या मांडीवर आठवडाभर फोड होता. मी ऑफिसात सांगितलं, कढी सांडली. मासे धरताना चहाने भाजलो हे इंजिनिअरने सांगायचं कसं?

त्या दिवशी तू नियम केलास. केबिनच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलास, अजून आहे, या खेपेला बघितला. "होडीत बास म्हणजे मासा. चहाला पुरे. होडीला थांब." खाली आपल्या दोघांच्या सह्या. रेखावहिनी आणि उल्का साक्षीदार. उल्काने सहीखाली लिहिलं होतं, "दोघेही वेडे."

मग त्याच वर्षी खडक सापडला. पाण्याखाली हातभर, शेंदूर फासल्यासारखा पिवळट तांबडा, आणि त्याच्याभोवती बासचा नुसता बाजार. तू म्हणालास हा तर आपला म्हसोबा. मी म्हणालो, इथे कशाला म्हसोबा, इथे रेड इंडियन लोकांचा कुणी देव असेल. तू म्हणालास, असेल ना, दोघे शेजारी राहतील. मग दर सीझनला पहिला नारळ त्याच्यावर. फोडायचा नाही, नुसता सोडायचा. तो तरंगत जायचा आणि संध्याकाळी कुणाच्या तरी डॉकला लागायचा. पलीकडच्या डॉकवरच्या म्हाताऱ्याने एकदा तो घेऊन आपल्याला विचारलं होतं की हा कसला बॉल आहे.

पोरांचीही मजा होती. आमची नेत्रा आणि तुझा सत्यजित मागच्या बाकावर बसून इंग्रजीत भांडायचे. सत्यजितने पहिला बास धरला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. "बाबा, आय गॉट अ बास!" असं ओरडला, तेव्हा तू माझ्याकडे वळून म्हणालास, "बघ, पोट्ट्याने नियम पाळला."

तो नियम मीही पाळला. पस्तीस उन्हाळे

(ही ओळ अर्धी सोडतो. उद्या पुढे लिहीन.)

मनोहर

•

नोव्हाय, ९ जुलै

प्रताप,

ते 'उद्या' दहा दिवसांनी आलं. ही गोष्ट मला आज लिहावीच लागणार आहे, कारण उल्काने मला पकडलंय.

परवा चारुताचा उल्काला फोन आला होता. अळूच्या फदफद्याची कृती विचारायला. बोलता बोलता ती रडली. म्हणाली, मावशी, बाबा हल्ली एकेक गोष्ट दोनदा विचारतात, ऐकू येतं तरी. आरोहीला घराबाहेर कुठे नेत नाहीत. घरामागे कॉलनीचं तळं आहे, त्यात बास आहेत, मुलं धरतात, आरोही रोज म्हणते आजोबा चला ना. बाबा म्हणतात, नको गं, माझ्या कानाचा भरवसा नाही. मन्या 'थांब' ओरडला आणि मला 'बास' ऐकू आलं, उद्या तू 'वाचवा' म्हणालीस आणि मला भलतंच ऐकू आलं तर?

उल्काने हे मला जेवताना सांगितलं. ती मला आमटी वाढत होती. मी ऐकत होतो आणि वाटी भरली तसा मी म्हणालो, "बास, बास."

तिचा डाव हवेतच थांबला. तिने तो खाली ठेवला. मग म्हणाली, "एक्केचाळीस वर्षं वाढतेय तुला. तू आयुष्यात कधी कुणाला 'थांब' म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. मनोहर, त्या दिवशी तू नक्की काय ओरडलास?"

मी 'बास' ओरडलो होतो, प्रताप.

तुला बरोबर ऐकू आलं होतं. तुझ्या कानाला काही झालेलं नाही आणि डोक्यालाही नाही. मी पुढे बसलो होतो, तू मागे मोटरवर. ऊन समोरून होतं. त्या वर्षी पाणी खाली गेलं होतं आणि मला म्हसोबाची पाठ एकदम दिसली, पाण्याच्या अगदी खाली, पंधरा-वीस फुटांवर. मी हात दाखवला आणि तोंडातून जे लहानपणापासून निघतं तेच निघालं. "बास! बास!" म्हसोबाजवळ, हात दाखवून, बास. तू काय करणार होतास? तेच केलंस जे केलं पाहिजे. मी दाखवलं तिकडे होडीचं नाक वळवलंस आणि रॉडकडे हात नेलास, आणि होडी खडकावर आदळली. नियम तू पाळलास. मी मोडला.

यापुढचं लिहायला जास्त अवघड आहे. हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला विचारलं काय झालं. मी इंग्रजीत म्हणालो, "आय टोल्ड हिम टु स्टॉप." आणि इंग्रजीत ते खोटं वाटलंच नाही. 'बास' म्हणजे स्टॉपच ना? मी स्वतःला तसंच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. पण संध्याकाळी सत्यजित विमानाने आला, तुझ्या कपाळाला सात टाके, कॉलरबोन मोडलेलं, आणि तू त्याच्यासमोर मला मराठीत विचारलंस, "मन्या, तू बासच म्हणालास ना बे?"

मी म्हणालो, "नाही रे. थांब म्हणालो. दोनदा."

दोनदा. कुणी विचारलं नव्हतं तरी मी दोनदा म्हणालो.

तू फक्त "असं?" म्हणालास आणि भिंतीकडे तोंड केलंस.

मी का तसं बोललो? भ्यालो होतो. सत्यजितचा चेहरा बघून भ्यालो. वाटलं, आज म्हणू दे, उद्या खरं सांगू. उद्या तुझ्या कानाची तपासणी ठरली. परवा ते घड्याळाचं चित्र काढायला लावतात ती मेमरीची तपासणी, आणि तू घाबरून काटे चुकीचे काढलेस. मग गाडीची चावी गेली, मग घर विकायला निघालं. प्रत्येक पायरीला खरं बोलणं आधीपेक्षा अवघड होत गेलं. सप्टेंबरात तुझं सामान भरायला मीच आलो होतो. रेखावहिनींच्या कढया मी वर्तमानपत्रात गुंडाळल्या. खोक्यांना मी टेप लावली. तू गराजच्या दारात उभा होतास आणि माझ्याकडे बघत नव्हतास.

दोन वर्षं मी समजत होतो की तू रागावलायस. मला खोटारडा समजून फोन उचलत नाहीस असं वाटायचं, आणि खरं सांगतो, त्यात मला थोडं बरंच वाटायचं. चला, शिक्षा चालू आहे. पण तू रागावलाच नव्हतास. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. स्वतःच्या कानापेक्षा माझ्यावर. तुला माझ्याशी बोलायची लाज वाटत होती. हे कळल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

मला माफ कर असं लिहायला हात होत नाही. आधी हे सत्यजितला सांगतो, मग बघू.

मनोहर

•

नोव्हाय, १३ जुलै

प्रताप,

काल सत्यजितला फोन केला. मागचं पत्र तुला मिळालं असेल की नाही ते माहीत नाही, पण तू वाचायच्या आधी त्याला कळावं असं वाटलं.

शनिवार होता म्हणून त्याने उचलला. मी म्हणालो, सत्यजित, त्या दिवशी मी 'स्टॉप' म्हणालो नव्हतो. मी 'बास' म्हणालो होतो.

"बास? द फिश?"

"नाही रे, दुसरं बास."

"काका, आय डोन्ट अंडरस्टँड. आर यू ओके? मावशी आहेत का तिथे?"

बघ, त्याला वाटलं आता माझंही डोकं गेलं. मी पुन्हा सुरुवात केली. भिंतीवरचा नियम सांगितला. चहा सांगितला. मग म्हणालो, "तुझी आई तुला भात वाढायची, तेव्हा तू हात मध्ये घालून काय म्हणायचास?"

तो अगदी हळू म्हणाला, "बास." त्याने ते मराठीत म्हटलं, लहानपणी म्हणायचा तसं, शेवटी जरा लांबवून.

"तेच मी ओरडलो. आणि बाबांना मासा ऐकू आला. त्यांना बरोबरच ऐकू आलं."

मग त्याला कळलं. सगळं एकदम कळलं. म्हणाला, "काका, आय टुक हिज कार. आय सोल्ड हिज हाउस. आईची बाग होती तिथे. यू हेल्प्ड मी पॅक इट." मी हो म्हणालो. तो म्हणाला, "तुम्ही मला विचारलंत की बाबांची खोकी कुठे ठेवू. यू लुक्ड अ‍ॅट मी अँड आस्क्ड मी दॅट." मी हो म्हणालो. त्याने फोन ठेवला.

उल्का शेजारीच बसली होती. ती उठली, चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि बागेत गेली. तिचाही राग आहे. असायलाच हवा. त्या दोन वर्षांत तिने मला कितीदा विचारलं होतं, "प्रतापभावजी असं का वागतात?" आणि मी म्हणायचो, वय झालं गं.

मी आता काही मागत नाही. तू फक्त आरोहीचा हात धरून मागच्या तळ्यावर जा. तुझे कान ठणठणीत आहेत. मी दोघांत कच्चा होतो, पाण्यावरही आणि जमिनीवरही.

मनोहर

•

नोव्हाय, २ ऑगस्ट

प्रताप,

तुझं कार्ड मिळालं. सोमवारी आलं. पुढे टेक्सासचं ते चिलखतवालं जनावर, मागे तुझं ते मास्तरांच्या घरातलं गोल अक्षर, आणि एकच शब्द.

"बास."

पूर्णविराम दिलायस. मी तो शब्द किती वेळा वाचला असेन ते सांगत नाही. भिंतीवरच्या नियमाप्रमाणे बास म्हणजे मासा. पण तो नियम होडीतला. कार्ड काही होडी नव्हे. घरात, ताटावर, माणसामाणसांत बास म्हणजे पुरे. पुरे झाली तुझी पत्रं, पुरे झाला तू. मी तसंच धरलं. मला वाटलं, बरोबर आहे, सदतीस वर्षांचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर हाच शब्द. मी त्याला लायक आहे. उल्काला कार्ड दाखवलं. ती म्हणाली, "मला काय दाखवतोस, मी साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही." मी होडी विकायची जाहिरात लिहायला घेतली. चार दिवस तो कागद टेबलावर होता आणि मला पहिल्या ओळीच्या पुढे जाता येत नव्हतं.

काल दुपारी सत्यजितचा फोन आला. आवाज कोरडा होता. ना 'कसे आहात' ना काही. म्हणाला, "काका, बाबा विचारतायत, त्यांचे गमबूट तुमच्याकडेच आहेत का."

मी विचारलं, कशाला?

"सोळा तारखेचं तिकीट काढलंय. डिट्रॉइटला दुपारी दोनला. मी येतोय त्यांच्यासोबत, आरोहीपण. गेले दोन रविवार ती दोघं मागच्या तळ्यावर जातायत. शी कॉट अ लिटल बास." मग म्हणाला, "काका, मी अजून तुमच्यावर रागावलोय." मी म्हणालो, राग धर बाबा, पण ये. मागून तुझा आवाज ऐकू आला. दोन वर्षांनी. तू सत्यजितला सांगत होतास, "त्याले सांग, मोटर मी चालवीन. तो पुढे बसन."

एवढंच ऐकलं आणि मी फोन उल्काच्या हातात दिला. मी गराजमध्ये गेलो. गमबूट आहेत. डाव्यात कोळ्याने घर केलं होतं, ते काढलं. दोन्ही धुऊन उन्हात ठेवले आहेत. मग तिथेच होडीवर बसलो आणि रडलो. माझं वय एकाहत्तर आहे आणि मी गराजमध्ये गमबुटांसमोर रडलो, हे तुला सांगायला आता लाज वाटत नाही.

कार्डावरचा बास होडीतलाच होता हे कळलं आणि जाहिरातीचा कागद फाडला. आज दुकानातून नारळ आणला आणि उल्काला बजावलं, हा चटणीचा नाही. ती म्हणाली, "बघू." तिने तांदळाचं पीठ दळून ठेवलंय. पाइकचे काटे काढायला तिला येत नाहीत, पण ती म्हणते प्रतापभावजींना रेखाचं बघून येत असेल. तुला येतं का? नसेल तर खाणाऱ्याने जपून खावं, मी दहीभातावरच आहे.

केबिन सतरापासून आठ दिवस मिळाली. पहाटे आधी माहेर, ऊन चढल्यावर पायरी, आणि पाणी पुरेसं असेल तर नारळ घेऊन म्हसोबा. या वेळी जाळी धरायला दोन माणसं असतील आणि मागच्या बाकावर एक छोटी. तिला नियम तूच सांग. भिंतीवरच्या सह्यांखाली तिलाही सही करायला लावू.

मोटर तुझी. मी पुढे बसेन. खडक दिसला तर 'थांब' म्हणेन, मासा दिसला तर 'बास' म्हणेन. आणि सात वाजता तू थर्मास काढून माझ्या कपात चहा ओतायला लागलास, की काठापर्यंत भरू देईन आणि मग म्हणेन, पुरे.

मन्या